आईच्या नखावर पाण्याचा थेंब अडकला : नखांवरून तब्येत कळते का?

रानजाई (धागालेखिका)

गेल्या संक्रांतीच्या आधी आई आमच्याकडे राहायला आली होती. तिळगुळाचे लाडू वळून झाले, तिने हात धुतले आणि न पुसताच नातीच्या वेणीचा गुंता सोडवायला बसली. उजव्या अंगठ्याच्या नखावर पाण्याचा एक थेंब तसाच बसलेला मला दिसला. तिने हात वळवला तरी तो ओघळेना. हात जवळ घेऊन पाहिला तर नख मध्ये खोलगट आणि कडा वर आलेल्या. देवपूजेतल्या पळीसारखं. शेजारचं बोटही तसंच. रंग म्हणाल तर पिठासारखा.

"कधीपासून गं?" म्हटलं, तर म्हणाली, "भांडी घासून झालं असेल."

मग एकेक आठवत गेलं. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबायची. तांदूळ निवडता निवडता कच्चे दाणे तोंडात टाकायची, दिवसाला मूठ-दोन मुठी. आम्ही तिला रागवायचो, पण ही खोड कशाने लागली असेल हे कुणी विचारलं नाही. पाळीत आठ-आठ दिवस अंगावरून जायचं, आणि "जायच्या वयात असंच असतं" हे तिला शेजारणींपासून सगळ्यांनी सांगून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ६.९, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) ४. सोनोग्राफीत पिशवीत गाठ निघाली. शिरेतून लोह दिलं, गाठीचे उपचार सुरू झाले. कच्चे तांदूळ खाणं तीन आठवड्यांत आपोआप सुटलं.

आई वर्षभर येऊन-जाऊन माझ्या डोळ्यासमोर होती. त्या हातांनी वाढलेलं मी जेवत होते. म्हणून हा धागा काढतेय. नखांवरून खरंच काय कळतं आणि काय कळत नाही? तुमच्या घरातलं, तुम्ही पाहिलेलं लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे दहा नखांचे तक्ते मात्र इथे चिकटवू नका, प्लीज. त्यातला एक वाचून माझी बहीण दोन रात्री झोपली नव्हती.

---

कंदी_पेढा

आईंची तब्येत आता कशी आहे? चांगला धागा. आमच्या लहानपणी आकाशात बगळ्यांची रांग दिसली की आम्ही नखांवर नखं घासत त्यांच्याकडे फूल मागायचो. नखावर पांढरा ठिपका उमटला की बगळ्याने फूल दिलं. पुढे शाळेत बाईंनी सांगितलं की ते कॅल्शियम कमी असल्याचं लक्षण. साठी उलटली तरी मी हेच धरून बसलोय. खरं काय?

---

गुलबक्षी

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, २२ वर्षं प्रॅक्टिस. कंदी काका, बगळ्याचं फूल खरं मानलंत तरी नुकसान नाही, पण कॅल्शियमचं सोडून द्या. नखात कॅल्शियम अगदी नगण्य असतं. नख बनतं केराटिनचं, म्हणजे केस आणि जनावरांची शिंगं ज्याची असतात त्याच प्रथिनाचं. नखाच्या मुळाला कधीतरी बारीक मार लागतो, दारात बोट चेमटतं, मूल नखं कुरतडतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी तो ठिपका वर सरकून दिसायला लागतो. तोवर मार लागलेला आपण विसरलेलो असतो.

या धाग्यावर सगळ्यात आधी सांगायची गोष्ट हीच. नख आजचं काही सांगत नाही, ते मागचं सांगतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत यायला सहा महिने, पायाच्या अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष. अमेरिकेत विल्यम बीन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९४१पासून स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर खूण करून ती किती पुढे सरकते हे ३५ वर्षं मोजलं. बत्तिसाव्या वर्षी दिवसाला ०.१२३ मिलिमीटर, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. वय वाढतं तसा वेग कमी होतो, तो इतका.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. पुण्याच्या श्रीधर चिल्लाळ यांनी डाव्या हाताची नखं १९५२ ते २०१८ कापलीच नाहीत. अंगठ्याचं नख १९७.८ सेंटिमीटर भरलं होतं. भागाकार करून बघा, महिन्याला अडीच मिलिमीटर येतात. त्या हाताची बोटं त्यांना पुढे नीट उघडता येईनात, ते वेगळं.

हा वेग लक्षात राहिला की नखावरची आडवी खाच बघून आजार कधी झाला ते काढता येतं. मोठा ताप, टायफॉइड, डेंगी, न्यूमोनिया, मोठं ऑपरेशन, केमो, असं काही झालं की शरीर नख बनवायचं काम काही दिवस मंदावतं. तिथे आडवी चर पडते आणि ती नखाबरोबर पुढे सरकत जाते. जोसेफ बो या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६मध्ये हे लिहून ठेवलं, त्यांच्या नावानेच त्या रेषा ओळखल्या जातात. चर मुळापासून ९ मिलिमीटरवर असेल तर तीन महिन्यांपूर्वी काहीतरी मोठं घडलं होतं असं समजायचं. मात्र ती बहुतेक सगळ्या बोटांवर एकाच पातळीला हवी. एकाच बोटावर असेल तर त्या बोटालाच काहीतरी लागलेलं असतं.

रानजाई, तुमच्या आईंच्या नखांना आम्ही चमच्याची नखं म्हणतो. थेंब अडकणं ही आमच्या शिक्षकांनी शिकवलेली जुनी परीक्षा आहे, तुम्ही ती न शिकता केलीत. दोन गोष्टी जोडते. दीड-दोन वर्षांपर्यंतच्या बाळांची नखं, विशेषतः पायाची, अशी खोलगट असू शकतात आणि ती आपोआप सरळ होतात. आणि कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ खावासा वाटणं हे लोह कमी असल्याचं लक्षण नखापेक्षाही आधी दिसू शकतं. घरात कुणाची अशी खोड दिसली तर रागावू नका, रक्त तपासा.

---

ओवीची_आई

डॉक्टर, तुमचं वाचून आत्ता हायसं वाटलं. आमची ओवी साडेतीन वर्षांची. पाळणाघरात साथ आली होती, हात-पाय-तोंडाला फोड आले, आठवड्यात बरी झाली. महिन्याभराने अंघोळ घालताना तिच्या मधल्या बोटाचं नख मुळाकडून सुटलेलं दिसलं, खालून दुसरं कोवळं नख डोकावत होतं. तिला काहीच दुखत नव्हतं, मलाच रडू आलं. एकामागून एक चार नखं गेली. सासूबाई म्हणाल्या नजर लागली. तेव्हा फॅमिली डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही.

---

गुलबक्षी

ओवीची आई, हे त्या आजारानंतर बरेचदा होतं. ताप-फोड गेल्यावर साधारण महिना-दीड महिन्याने नखं सुटतात. ती आडव्या खाचेचीच पुढची पायरी आहे. नख बनणं काही दिवस पूर्ण थांबलं की जुनं नख नव्यापासून तुटतं. औषध लागत नाही. सुटं टोक कपड्यात अडकू नये म्हणून बारीक कापत राहा, एवढंच.

---

पिवळी_ज्वारी

मी खामगावचा. नखांचा विषय निघाला आणि आमच्या भागाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

२०२४च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांकडे लोकांचे केस गळू लागले. गळू लागले म्हणजे कंगव्यात चार केस असं नव्हे. डोक्यावरून हात फिरवला की पुंजका हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोरी, लहान पोरं, सगळे. पुढे अशा गावांची संख्या वाढली, बाधित अडीचशेच्या वर गेले. आधी पाण्यावर संशय, मग शाम्पूवर. टीव्हीवाले आले, गावाचं नाव झालं. कॉलेजच्या पोरी ओढणी डोक्यावर बांधून घरात बसल्या, जमत आलेल्या सोयरिकी लांबल्या. दिल्लीहून आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामाने सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेले, इथे येऊन रक्ताचे, लघवीचे, केसांचे नमुने घेऊन गेले. त्यांनी सांगितलं की शरीरात सेलेनियम हे खनिज फार वाढलंय आणि पंजाबकडून आलेल्या रेशनच्या गव्हात ते आढळलं. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागात काही जमिनींतच सेलेनियम जास्त आहे, हे तिथल्या शेतीतल्या लोकांना जुनं ठाऊक आहे.

आणि मग एप्रिल २०२५मध्ये, डोक्यावर केस पुन्हा उगवत असताना, त्याच लोकांची नखं जायला लागली. आधी पांढरी, ठिसूळ, मग वाकडी, मग मुळातून सुटलेली. लोक म्हणाले, आता हा दुसरा रोग कुठला? डॉक्टरीणबाईंचं वरचं वाचल्यावर मला आज कळतंय. रोग तोच असावा, नखाला वर यायला चार महिने लागले.

माझ्या मावसबहिणीचं सासर त्यातल्याच एका गावात. तिच्या पोराला तेव्हा पेन धरता येत नव्हतं, बोटाचं टोक उघडं पडलं की कागदाचा स्पर्शही सोसत नाही. तिने त्याच्या पाचही बोटांना सुती चिंध्या गुंडाळून शाळेत पाठवलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

रानजाई

पिवळी_ज्वारी दादा, बातम्या वाचल्या होत्या, पण केस आणि नखं यांचा असा संबंध लागला नव्हता. त्या मुलाची नखं आता आली का?

---

पिवळी_ज्वारी

आली ताई. दोन बोटांची थोडी खडबडीत आहेत, पण पोरगा लिहितो आता.

---

चौपाटी

माझ्या वडिलांचं. आम्ही गिरगावात चाळीत. वडील रोज सकाळी गॅलरीत कबुतरांना दाणे टाकायचे, वीसेक वर्षांचा नेम. कोरडा खोकला दोन वर्षं होता, कफ सिरप चालू होतं. एका मोठ्या रुग्णालयात मोतीबिंदूच्या आधीच्या तपासण्यांसाठी नेलं, तर तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "काका, दोन्ही हातांची ही बोटं नखाला नख लावून धरा बरं." दोन्ही तर्जनींची नखं पाठीला पाठ लावली की मध्ये पतंगाच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. तुम्हीही आत्ता करून पाहा. वडिलांच्या बोटांत फट नव्हती, उजेडच येत नव्हता. बोटांची टोकं फुगून गोल झाली होती, नखं पोपटाच्या चोचीसारखी खाली वळलेली. आम्हाला वाटायचं त्यांचे हातच तसे.

मोतीबिंदू राहिला बाजूला. छातीचा सीटी स्कॅन झाला, फुप्फुसं कडक होत चालली होती. कबुतरांच्या विष्ठेचे आणि पिसांचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षं आत जाऊन होणारा आजार. दाणे बंद, गॅलरीला जाळी, औषधं. जे गेलं ते परत येत नाही, पण गेल्या दीड वर्षात उतार थांबलाय. त्या मुलीने हात हातात घेतला नसता तर?

---

गुलबक्षी

चौपाटी, त्या मुलीचं कौतुक. ही फट बघायची परीक्षा दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शामरॉथ यांची. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या बोटांवर पाहिली आणि १९७६मध्ये लिहिली. बोटं अशी फुगतात हे प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या काळापासून माहीत आहे.

फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसातला जुना पू, फुप्फुसं कडक होणं, अंग निळं पडणारे जन्मजात हृदयदोष, झडपेचा संसर्ग, काही यकृताचे आणि आतड्याचे आजार, यांत हे दिसतं. एक गोष्ट ठळक सांगते. नुसत्या बिडी-सिगारेटच्या दम्याने, ज्याला सीओपीडी म्हणतात त्याने, बोटं फुगत नाहीत. वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्याची बोटं नव्याने फुगली तर "दमा आहे त्याला" म्हणून गप्प बसू नका, छातीचा फोटो काढा. काही घराण्यांत जन्मापासून अशी बोटं असतात, त्यात काही नसतं. म्हणून पहिला प्रश्न, जुन्या फोटोत हात कसे दिसतात?

---

पन्हाळा

मी कोल्हापूरकडे स्टाफ नर्स, आयसीयूत १४ वर्षं. आमच्या बाजूने लिहिते.

ऑपरेशनच्या आधी नेलपॉलिश काढा सांगितलं की पेशंटच्या घरचे नाराज होतात. त्यामागे कारण आहे. आम्ही नख दाबतो, ते पांढरं होतं, सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. डेंगीच्या पोराचं प्लेटलेट रिपोर्ट यायला वेळ लागतो, पण नख दाबून सोडल्यावर तीन-चार सेकंद पांढरंच राहिलं आणि हात गार असतील तर आम्ही रिपोर्टची वाट बघत नाही, डॉक्टरांना हाक मारतो. ओठ-नखं निळसर पडली की ऑक्सिजन. पॉलिशखाली यातलं काही दिसत नाही.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही गडद निळ्या, काळ्या, हिरव्या पॉलिशवर चुकीचा आकडा दाखवू शकतं. कोविडमध्ये एक ताई घरी ८७ आकडा बघून घाबरून आल्या होत्या. पॉलिश पुसलं, बोट चोळून गरम केलं, ९६. याच्या उलट, बरा आकडा दिसतोय म्हणून घरी बसलेलेही पाहिलेत, म्हणून दम लागत असेल तर आकड्यावर विसंबू नका. बाळंतपणाला येताना निदान दोन बोटांची नखं मेंदी-पॉलिशशिवाय ठेवा. मेंदी पुसता येत नाही, ती नख वाढूनच जाते.

---

निशिगंध

नखं सतत तुटतात म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून बायोटिनच्या गोळ्या चालू केल्यात, १० मिलिग्रॅम. फायदा होतो ना?

---

सूक्ष्मदर्शक

निशिगंध ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन लागतं. तुमची गोळी त्याच्या तीनशे पट. फायद्याचं डॉक्टरांना विचारा, पण रक्त तपासायला जाल तेव्हा ही गोळी घेता हे सांगायला विसरू नका. थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्यांत बायोटिनवरच चालणारी रसायनं असतात. रक्तात जादा बायोटिन असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त येऊ शकतात. आमच्याकडे एका बाईंचा रिपोर्ट असा, थायरॉइड वाढल्यासारखा आला. छातीत धडधड नाही, वजन उतरलेलं नाही. सरांनी फोन करून गोळ्यांबद्दल विचारलं, तीन दिवस बंद करून परत रक्त घेतलं, सगळं नॉर्मल. नाहीतर नसलेल्या आजाराचं औषध सुरू झालं असतं. हार्ट अटॅकची ट्रोपोनिन तपासणीही यात खोटी कमी येऊ शकते, ते जास्त घातक.

---

गुलबक्षी

सहमत. नखं तुटण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण पाणी आणि साबण. दिवसातून दहा वेळा भिजणं-सुकणं झालं की नखाचे पापुद्रे सुटतात. रात्री नखांना खोबरेल चोळा, भांड्यांना हातमोजे वापरा, आत सुती मोजा असेल तर उत्तम. नखुरडं वारंवार होणाऱ्यांनीही हेच करायचं. आणि पार्लरमध्ये नखाच्या मुळाची पातळ कातडी मागे ढकलू-कापू देऊ नका. ती झाकण आहे, ती गेली की पाणी आणि जंतू आत.

---

कंदी_पेढा

डॉक्टर, एक राहून गेलं. माझ्या डाव्या अंगठ्यावर मुळापासून टोकापर्यंत काळपट उभी रेघ आहे. वर्षभर झालं असेल. दुखत नाही. उभ्या बारीक रेघोट्या तर सगळ्याच नखांवर आहेत.

---

गुलबक्षी

काका, रेघोट्या वयाच्या. त्या सोडून द्या. काळी रेघ मात्र दाखवा, याच आठवड्यात. आपल्या वर्णाच्या लोकांत अनेक बोटांवर अशा तपकिरी रेघा असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात, बी-१२ कमी असल्यानेही येतात. पण उतारवयात एकाच नखावर, तेही अंगठ्यावर, नव्याने आलेली, रुंद होत जाणारी किंवा मुळाकडच्या कातडीवर पसरणारी रेघ आम्ही भिंगातून बघितल्याशिवाय सोडत नाही. नखाखाली त्वचेचा कर्करोग क्वचित होतो, पण मार लागलाय समजून लोक उशिरा येतात. काल पेन्सिलच्या मापाची होती आणि आज खडूच्या, असं होऊ देऊ नका. आज फोटो काढून ठेवा, शेजारी पट्टी ठेवून.

---

कंदी_पेढा

दाखवून आलो. भिंगातून पाहिलं, फोटो घेतले. रेघ एकसारखी, कडा सरळ आहेत म्हणाले. तीन महिन्यांनी परत बोलावलंय. विचारलं म्हणून बरं झालं, बायकोला सांगितलंच नव्हतं.

---

निशिगंध

सोरायसिसचं कुणी लिहिलं नाही. माझ्या भावाच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते, अंगठी घालतो त्या बोटाचं नख तर तेलाचा डाग पडल्यासारखं पिवळट होऊन सुटलं. दोन वर्षं बुरशीचं औषध खाल्लं. शेवटी नखाचा तुकडा तपासला, बुरशी नव्हतीच. नंतर बोटांचे सांधे सुजले तेव्हा संधिवाताच्या डॉक्टरांनी दोन्ही जोडून सांगितलं.

---

गुलबक्षी

महत्त्वाचं लिहिलंत. बुरशीच्या गोळ्या हाताला दीड महिना, पायाला तीन महिने घ्याव्या लागतात, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. त्यामुळे सुरू करण्याआधी नखाचा चुरा तपासून घ्या म्हणून हट्ट धरा. साधी, स्वस्त तपासणी आहे. आणि नखांत सोरायसिस असेल तर सकाळी बोटं आखडतात का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

---

रानजाई

सात महिन्यांनी वर काढतेय धागा. आईचं हिमोग्लोबिन १२.४. नखाचा नवा भाग सपाट आला. मध्यंतरी एकाच नखावर दोन्ही दिसायचं, मुळाकडे सपाट गुलाबी आणि टोकाला अजून खोलगट पांढरं. गेल्या रविवारी मी तिची नखं कापली, तो टोकाचा भाग आता गेला.

पण मला वेगळंच सांगायचंय. आईचं झाल्यावर आम्ही घरातल्या सगळ्या बायकांचं रक्त तपासलं. धाकट्या बहिणीचं हिमोग्लोबिन ९.१ निघालं. मी तिची दहाही नखं उन्हात नेऊन पाहिली. सपाट, तुकतुकीत, एक डाग नाही. तिने विचारलं, "मग माझ्या नखांनी का नाही सांगितलं?" डॉक्टर, असं होतं?

---

गुलबक्षी

बहुतेकांचं असंच होतं, रानजाई. लोह बराच काळ, बरंच कमी राहिलं तर काहींची नखं वाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१ची, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय दाखवते. माझ्या ओपीडीत रोज कितीतरी बायकांचे हात मी बघते, पळीसारखी नखं महिन्यातून एखादी. नख बिघडलं तर तपासा, आणि चांगलं असलं तरी वर्षातून एकदा सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी करा. बहिणीला सांगा, लोहाची गोळी चहाबरोबर नको, तासभर अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर चालेल. हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून लगेच थांबवू नका, साठा भरायला पुढे तीन महिने लागतात.

---

रानजाई

सांगते. मुलगी १४ची आहे, तिचंही करून घेऊ?

---

गुलबक्षी

पाळी सुरू झाली असेल तर हो. शाळेत आठवड्याची लोहाची निळी गोळी देतात, ती खाते का तेही विचारा. पुष्कळ मुली दप्तरात ठेवून देतात.